विश्लेषण : करंट मर्यादेत, तरी पॅनेलचा पत्रा का तापतो? केबलच्या भोकाभोवतीचा ‘एडी करंट’ काय असतो?

इमारतीच्या तळमजल्यावरील मीटर रूम. मुख्य पॅनेलचा एमसीसीबी सुरळीत चालू आहे, अ‍ॅमीटरवरचा करंट मर्यादेत आहे, तिन्ही फेजवरचा भार जवळपास समान आहे. केबल योग्य मापाची आहे, नट घट्ट आहेत. तरीही पॅनेलच्या तळाशी, जिथून जाड केबल आत येतात, तिथला पत्रा हात लावता येणार नाही इतका तापलेला असतो. कधी त्या जागेचा रंग करपतो, कधी केबलचे आवरण मऊ पडते. वायरमन नट पुन्हा आवळतो, पण पत्रा तापतच राहतो. या प्रकारात दोष बहुधा केबलमध्ये किंवा ब्रेकरमध्ये नसतो. तो असतो पत्र्याला पाडलेल्या भोकांमध्ये. एसी, लिफ्ट, पाण्याचे पंप आणि आता इलेक्ट्रिक वाहनांचे चार्जर यांमुळे इमारतींचा वीजभार वाढत असताना ही छोटी वाटणारी चूक महागात पडू शकते.

नेमके काय घडते?

मोठ्या क्षमतेच्या पॅनेलला वीज देण्यासाठी अनेकदा प्रत्येक फेजची वेगळी केबल वापरली जाते. तिला सिंगल कोअर केबल म्हणतात. म्हणजे आर, वाय, बी या तीन फेज आणि न्यूट्रल अशा किमान चार केबल पॅनेलमध्ये येतात. पॅनेलच्या तळाशी किंवा माथ्यावर केबल आत घेण्यासाठी नट-बोल्टने बसवलेली सपाट पट्टी असते. ती ग्लँड प्लेट. तिला भोके पाडून प्रत्येक भोकात पितळेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची ग्लँड बसवतात आणि तिच्यातून केबल आत घेऊन लग लावून जोडतात.

ही प्लेट लोखंडी असेल आणि प्रत्येक फेज वेगळ्या भोकातून जात असेल, तर प्रत्येक केबलभोवती लोखंडाचे एक बंद कडे तयार होते. केबलमधील प्रवाह एसी, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने करणारा. त्यामुळे त्या कड्यातील चुंबकत्वही सेकंदाला ५० वेळा एका दिशेने आणि ५० वेळा उलट दिशेने वाढते-घटते. या बदलत्या चुंबकत्वामुळे खुद्द प्लेटमध्येच वीजप्रवाह फिरू लागतात आणि प्लेट तापते. प्लेटला कुठलीही तार जोडलेली नसते, तिला शॉकही येत नसतो. तरी ती छोट्या शेगडीसारखी वागू लागते.

एडी करंट म्हणजे काय?

तारेच्या वेटोळ्याजवळचे चुंबकत्व बदलले की त्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले. जनरेटर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही याच तत्त्वावर चालतात. पण यासाठी तारेचे वेटोळेच हवे असे नाही. धातूचा सलग तुकडा बदलत्या चुंबकक्षेत्रात आला तरी त्याच्या आत प्रवाह सुरू होतात. त्यांना ठरलेली वाट नसल्याने नदीच्या पाण्यातील भोवऱ्यांसारखे ते आतल्या आत गोल फिरतात. म्हणून त्यांचे नाव एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे प्रवाह. फ्रेंच शास्त्रज्ञ लिओं फूको यांनी १८५५ मध्ये तांब्याची चकती चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये फिरवून पाहिली. चुंबक नसताना सहज फिरणारी चकती चुंबक आल्यावर जड झाली आणि ती फिरवत राहिल्यास तापू लागली. त्यावरून या प्रवाहांना फूको प्रवाह असेही म्हणतात.

हे प्रवाह घराघरांत कामाला लावलेले आहेत. जुन्या विजेच्या मीटरमध्ये लाल खूण असलेली अ‍ॅल्युमिनियमची चकती फिरताना अनेकांनी पाहिली असेल. त्या चकतीला ना पट्टा होता ना दातेरी चाक. मीटरमधील कॉइलमुळे चकतीत निर्माण होणारे एडी करंट तिला फिरवत आणि शेजारचा कायमचा चुंबक त्याच प्रकारच्या प्रवाहांनी तिला लगाम घाली. इंडक्शन शेगडीही याच तत्त्वावर चालते. शेगडीची काच स्वतः तापत नाही, तापतो तो भांड्याचा लोखंडी तळ. फरक इतकाच की शेगडीत सेकंदाला हजारो आवर्तनांचा प्रवाह मुद्दाम दिला जातो, तर पॅनेलमध्ये तेच काम नकळत आणि ५० आवर्तनांवर होते.

ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्यांना हे प्रवाह नको असतात. म्हणून ट्रान्सफॉर्मरचा गाभा सलग लोखंडाचा नसतो. मिलिमीटरच्या एकतृतीयांशाहूनही पातळ अशा सिलिकॉन स्टीलच्या पत्र्या, एकमेकींपासून इन्सुलेट करून, एकावर एक रचलेल्या असतात. भोवऱ्याला फिरायला जागाच ठेवायची नाही, हा त्यामागचा विचार. ग्लँड प्लेट मात्र सलग असते.

लोखंडच जास्त का तापते?

प्रवाह वाहणाऱ्या प्रत्येक तारेभोवती चुंबकक्षेत्र असते. ४०० अँपिअर वाहणाऱ्या केबलच्या मध्यापासून अडीच सेंटिमीटरवर, हवेत, हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या अनेक पट असले तरी निरुपद्रवी असते. तिथे लोखंड आणून ठेवले की चित्र बदलते. साधे लोखंड हवेच्या तुलनेत शेकडो पटींनी अधिक चुंबकत्व स्वतःत ओढून घेते. भोकाभोवतीचे कडे बंद असल्याने चुंबकरेषांना सलग आणि सोपी वाट मिळते आणि त्या तिथे एकवटतात.

त्यातून दोन प्रकारची उष्णता निर्माण होते. पहिली एडी करंटची. दुसरी हिस्टेरेसिसची, म्हणजे लोखंडाच्या आतील सूक्ष्म चुंबकीय भागांना सेकंदाला ५० आवर्तनांच्या वेगाने सतत उलटसुलट व्हावे लागते, त्यात खर्च होणाऱ्या ऊर्जेची. अ‍ॅल्युमिनियम, पितळ आणि ३०४ किंवा ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील हे व्यवहारात अचुंबकीय आहेत. त्यांत हिस्टेरेसिसचा प्रश्न जवळपास येत नाही आणि चुंबकरेषा एकवटत नसल्याने एडी करंटही खूप कमी राहतात. ते शून्य होत नाहीत, पण त्रासदायक ठरत नाहीत.

यात एक गैरसमज हमखास आढळतो. ‘स्टेनलेस म्हणजे चालेल’, असे नाही. ४३० प्रतीच्या स्टेनलेस स्टीलला लोहचुंबक चांगले चिकटते. अशी प्लेट दिसायला चकचकीत असली तरी या कामापुरती ती लोखंडाच्याच रांगेतली.

तिन्ही फेज एकाच भोकातून गेल्यास काय होते?

इथे या प्रश्नाचे साधे उत्तर दडले आहे. तीन फेजमधील प्रवाह एकाच वेळी सारखे नसतात, ते मागेपुढे असतात. भार समान असेल तर ज्या क्षणी आर फेजमध्ये १०० अँपिअर एका दिशेने जातात, त्याच क्षणी वाय आणि बी मध्ये ५०-५० अँपिअर उलट दिशेने जात असतात. बेरीज शून्य. कोणताही क्षण घेतला तरी बेरीज शून्यच येते. भार असमान असेल तर उरलेला प्रवाह न्यूट्रलमधून परततो. म्हणून न्यूट्रलही सोबत धरला की बेरीज पुन्हा शून्य होते.

या चारही केबल एकाच भोकातून गेल्या, तर भोकाभोवतीच्या लोखंडाला जाणवणारा एकूण प्रवाह जवळपास शून्य असतो. त्यामुळे चुंबकत्व एकवटत नाही आणि पत्रा तापत नाही. तीन किंवा साडेतीन कोअरची केबल लोखंडी प्लेटमधून खुशाल जाते, ती याच कारणाने.

क्लॅम्प मीटर वापरणाऱ्या प्रत्येक वायरमनला हे तत्त्व हाताने माहीत असते. एका फेजभोवती जबडा लावला की करंट दिसतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र जबड्यात घेतले की आकडा शून्यावर येतो. घरातील ईएलसीबी किंवा आरसीसीबीही हेच पाहतो. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांची बेरीज शून्य नसेल तर कुठेतरी गळती आहे असे समजून तो ट्रिप होतो. ग्लँड प्लेटचे भोक म्हणजे कायमचा लावून ठेवलेला क्लॅम्प मीटरचा जबडाच. त्यात एकच फेज घातली तर तो पूर्ण करंट ‘मोजतो’ आणि तापतो.

मग सिंगल कोअर केबल वापरतातच कशाला?

गरज असते म्हणून. ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर ४३३ व्होल्टच्या बाजूला पूर्ण भारावर सुमारे ८४० अँपिअर देतो. १००० केव्हीएचा असेल तर हा आकडा १,३०० अँपिअरच्या पुढे जातो. इतक्या करंटसाठी साडेतीन कोअरच्या अनेक केबल समांतर टाकाव्या लागतात. ३०० किंवा ४०० चौरस मिलिमीटरची साडेतीन कोअर केबल मनगटापेक्षा जाड आणि हट्टी असते. तिला वळवण्यासाठी मोठी जागा लागते. पॅनेलच्या मागच्या अरुंद जागेत तिचे कोअर उघडून एमसीसीबीच्या टोकांपर्यंत नेणे हे कसरतीचे काम आहे. सिंगल कोअर केबल तुलनेने सहज वाकते, लगही सोपा बसतो. म्हणून ट्रान्सफॉर्मर ते मुख्य पॅनेल, डीजी सेट ते चेंजओव्हर, मोठा सौर इन्व्हर्टर ते पॅनेल अशा जोडण्यांत ती हमखास दिसते.

घरातल्या वायरिंगला ही भीती बाळगण्याचे कारण नाही. ३२ अँपिअरच्या तारेने डीबीचा पत्रा तापत नाही. फेज आणि न्यूट्रल वेगवेगळ्या भोकांतून नेणे तिथेही वाईट सवयच, पण करंट कमी असल्याने उष्णता नगण्य असते. प्रश्न उभा राहतो तो शेकडो अँपिअर वाहणाऱ्या जोडण्यांमध्ये.

चूक होते कुठे?

बहुतेक वेळा ती एका माणसाची नसते, दोन कामांच्या मधल्या फटीत होते. पॅनेल बनवणारा कारखाना कोणती केबल येणार हे जाणत नाही किंवा त्याच्या नकाशात साडेतीन कोअर केबल दाखवलेली असते. तो साधी लोखंडी ग्लँड प्लेट भोके न पाडता पाठवतो. साइटवर मधल्या काळात निर्णय बदलतो. जागा कमी पडते किंवा हवी ती केबल वेळेत मिळत नाही, आणि सिंगल कोअर केबल येते. प्लेट मात्र तीच राहते. वायरमन ड्रिलला होल सॉ लावून रांगेत चार भोके पाडतो. काम दिसायला नीटनेटके होते. तपासणारा नट आवळलेत का, अर्थिंग आहे का, इन्सुलेशनचे मेगर रीडिंग किती, हे पाहतो. प्लेट कशाची आहे हे विचारले जातेच असे नाही.

दुसरी अडचण काळाची. नवी इमारत ताब्यात दिली जाते तेव्हा अर्धे फ्लॅट रिकामे असतात. चाचणीच्या वेळी भार थोडा असतो आणि प्लेट जेमतेम कोमट होते. करंट दुप्पट झाला की ही उष्णता दुपटीने नव्हे, ढोबळमानाने चौपटीच्या आसपास वाढते. दोन-तीन वर्षांनी सगळे फ्लॅट भरतात, मे महिन्यात रात्री सगळे एसी एकदम चालू होतात, पार्किंगमध्ये चार्जर लागतात आणि तीच प्लेट तापू लागते. तोवर ठेकेदाराचे बिल निघून गेलेले असते आणि दोषाचे खापर ‘मेंटेनन्स नीट नाही’ म्हणून सोसायटीच्या वायरमनवर फुटते.

एमसीसीबी ट्रिप का होत नाही?

कारण त्याच्या दृष्टीने सगळे ठीक असते. एमसीसीबी मर्यादेपेक्षा जास्त करंट किंवा शॉर्टसर्किट पाहतो. इथे करंट मर्यादेतच असतो. गळती नसल्याने अर्थ फॉल्टचे संरक्षणही गप्प राहते. उष्णता निर्माण होते ती वीजमंडलाच्या बाहेर, पत्र्यात. तिला पाहणारे कोणतेही उपकरण पॅनेलमध्ये नसते.

धोका केबलच्या इन्सुलेशनला असतो. साध्या पीव्हीसी इन्सुलेशनची सततची मर्यादा ७० अंश सेल्सिअस, तर एक्सएलपीईची ९० अंश आहे. केबलची क्षमता ठरवताना भारतीय मानकांत हवेचे तापमान ४० अंश धरले जाते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि बंद मीटर रूममध्ये त्याहून अधिक. म्हणजे मुळातच उसंत कमी असते. त्यात केबल जिथे ग्लँडच्या घट्ट कड्यातून जाते, नेमकी तीच जागा बाहेरून तापवली जाते. केबलला तिथे स्वतःची उष्णताही बाहेर टाकता येत नाही.

अभियंत्यांचा एक ठोकताळा असा की, तापमान मर्यादेच्या वर दर ८ ते १० अंशांनी वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते. त्यामुळे बिघाड पहिल्या दिवशी होत नाही. आवरण हळूहळू कडक होते, तडकते आणि एके दिवशी फेज ग्लँडला, म्हणजे अर्थ असलेल्या धातूला भिडते. तेव्हा एमसीसीबी ट्रिप होतो, पण तोवर ठिणगी उडालेली असते. ग्लँडमधील रबरी सील वितळले तर धूळ, ओल आणि उंदीर-पालींना वाट मिळते ती वेगळीच.

सैल लग की एडी करंट, हे कसे ओळखायचे?

पॅनेलमध्ये तापण्याचे सर्वांत नेहमीचे कारण सैल जोड हेच आहे. त्यामुळे आधी तोच संशय घेणे बरोबर. पण दोन्हींच्या खुणा वेगळ्या आहेत. लग सैल असेल किंवा क्रिम्पिंग कच्चे असेल तर सर्वाधिक तापमान लगपाशी असते आणि केबलवरून खाली येताना ते कमी होत जाते. बहुधा एकच फेज तापते. एडी करंट असेल तर लग तुलनेने थंड आणि प्लेट गरम असते. त्यातही दोन भोकांच्या मधली जागा आणि भोकांच्या कडा जास्त तापतात. तिन्ही फेजच्या भोकांभोवती हा प्रकार दिसतो. नट आवळल्याने काही फरक पडत नाही, भार कमी केला की मात्र प्लेट निवते. काही वेळा प्लेटमधून घुमल्यासारखा आवाजही येतो.

हे पाहण्याचे योग्य साधन म्हणजे थर्मल कॅमेरा. तपासणी कमाल भाराच्या वेळी, म्हणजे निवासी इमारतीत उन्हाळ्यात रात्री करायला हवी. सकाळी अकरा वाजता काढलेल्या फोटोत काहीच दिसणार नाही. आणखी एक खबरदारी. चकचकीत पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियमवर हा कॅमेरा खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतो. रंगवलेला पत्रा आणि काळी टेप यांवरील आकडा अधिक भरवशाचा असतो.

नियम काय सांगतात?

हा विषय नवा नाही आणि जगभरच्या वायरिंग नियमांत तो स्पष्ट लिहिलेला आहे. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमधील ३००.२० हे कलम लोखंडी आवरणातील एसी वाहकांबाबतच आहे. सर्व फेज, न्यूट्रल आणि अर्थ वाहक एकत्र ठेवा, आणि एकटा वाहक लोखंडातून न्यावाच लागला तर भोकांमध्ये खाचा पाडा किंवा सर्व वाहक मिळून एका मोठ्या इन्सुलेटिंग भिंतीतून न्या, असे ते सांगते. ब्रिटनच्या बीएस ७६७१ मध्ये लोखंडी पेटीत शिरताना वाहकांभोवती लोखंड असेल तर ते सर्वांभोवती मिळून असावे, एकेकट्याभोवती नसावे, अशी तरतूद आहे. आंतरराष्ट्रीय आयईसी ६०३६४ मालिकेतही हेच तत्त्व आहे. भारताचे वायरिंगविषयक मानक आयएस ७३२ याची २०१९ ची आवृत्ती याच मालिकेच्या चौकटीशी जुळवून घेतलेली आहे.

केबलच्या भारतीय मानकांत, म्हणजे पीव्हीसीसाठी आयएस १५५४ आणि एक्सएलपीईसाठी आयएस ७०९८ यांत, एसीसाठीच्या सिंगल कोअर केबलचे आर्मर अचुंबकीय असावे अशी अट आहे. त्यामुळे सिंगल कोअर केबलवर लोखंडी नव्हे, अ‍ॅल्युमिनियमच्या तारांचे आर्मर असते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक २०२३ च्या विनियमांनुसार विद्युत संच मांडणी संबंधित मानकांप्रमाणे आणि परवानाधारक ठेकेदाराकडूनच होणे अपेक्षित आहे. म्हणजे केबल नियमाप्रमाणे अचुंबकीय आर्मरची आणली आणि ती लोखंडी प्लेटमधून नेली, तर दारात पाय धुऊन चिखलात उतरल्यासारखे झाले.

उपाय कोणते?

पहिला आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे अचुंबकीय ग्लँड प्लेट. पॅनेलच्या लोखंडी तळाला सर्व केबल मावतील अशी एकच मोठी खिडकी ठेवायची आणि तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमची प्लेट बसवायची. खिडकीची लोखंडी चौकट चारही केबलभोवती मिळून असल्याने ती तापत नाही. अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्याने प्लेट लोखंडीपेक्षा थोडी जाड घेतात. पूर्ण पॅनेलच्या खर्चात ही प्लेट म्हणजे दर्या में खसखस.

दुसरा उपाय इन्सुलेटिंग प्लेटचा. बाजारात हायलम किंवा एफआरपीच्या शीट मिळतात. एडी करंटचा प्रश्न इथे मुळातच मिटतो, पण ग्लँडला प्लेटमधून मिळणारे अर्थिंगही जाते. त्यामुळे प्रत्येक ग्लँडला अर्थ टॅग लावून वेगळी अर्थ तार द्यावी लागते. शीट ज्वालारोधक प्रतीची असावी लागते.

तिसरा उपाय खाचांचा. लोखंडी प्लेटच ठेवायची असेल तर एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत करवतीने खाच पाडून सर्व भोके एकमेकांना जोडायची. त्यामुळे एकट्या केबलभोवतीचे लोखंडी कडे तुटते आणि जे कडे उरते ते सर्व केबलभोवती मिळून असते. न्यूट्रलचे भोकही या खाचेने जोडलेले असले पाहिजे. संगणक, एलईडी, चार्जर यांसारख्या उपकरणांमुळे निर्माण होणारे तिसऱ्या हार्मोनिकचे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना मारत नाहीत, तर साचतात. ते सेकंदाला १५० आवर्तनांचे असल्याने पत्रा अधिक जोमाने तापवतात. खाच पाडल्यावर प्लेट कमकुवत होते आणि धूळ-पाण्यापासूनचे संरक्षण कमी होते. खाच योग्य अशा अधातू पदार्थाने बुजवावी लागते. वेल्डिंगने बुजवली तर केलेले काम पाण्यात गेले.

समांतर केबल असतील तर गट पाडण्याची पद्धत महत्त्वाची ठरते. प्रत्येक फेजला तीन केबल असतील तर एका खिडकीत तीन आर, दुसरीत तीन वाय अशी मांडणी करायची नसते. दिसायला ती सुबक दिसते, पण तापण्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट. प्रत्येक गटात एक आर, एक वाय, एक बी आणि शक्यतो त्यांचा न्यूट्रल हवा. तिन्ही केबल त्रिकोणात एकमेकींना चिकटवून बांधण्याच्या पद्धतीला ट्रेफॉइल म्हणतात. ट्रेवरून येतानाही हीच मांडणी चांगली.

प्लेट बदलली म्हणजे काम संपले का?

नाही. एकट्या केबलभोवती लोखंडाचे बंद कडे जिथे जिथे येते, तिथे हाच प्रकार घडतो. केबल धरून ठेवणारे लोखंडी सॅडल किंवा क्लॅम्प, ग्लँडखाली घातलेला लोखंडी रिड्यूसर किंवा चेकनट, भिंतीतून केबल नेण्यासाठी बसवलेला जीआय पाइपचा तुकडा, या सगळ्या जागा पाहाव्या लागतात. क्लॅम्प अ‍ॅल्युमिनियमचे, नायलॉनचे किंवा लाकडी असावेत. पाइपमधून न्यायचे असेल तर सर्व फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपमधून न्यावेत.

आणखी एक बारकावा आर्मरचा. सिंगल कोअर केबलचे अ‍ॅल्युमिनियम आर्मर दोन्ही टोकांना ग्लँड आणि प्लेटमधून अर्थ झाले, की दोन केबलची आर्मर मिळून एक बंद वेटोळे तयार होते. त्यातून प्रवाह फिरतो आणि केबल तापते, ग्लँडही तापते. आर्मर एकाच टोकाला अर्थ केले तर हा प्रवाह थांबतो, मात्र दुसऱ्या टोकाला आर्मरवर थोडा व्होल्टेज राहतो. तिथे ग्लँड इन्सुलेट करावी लागते. केबल किती लांब, करंट किती, शॉर्टसर्किटच्या वेळी अर्थचा मार्ग कोणता, यावर हा निर्णय ठरतो. तो साइटवर अंदाजाने घ्यायचा नसून आराखडा करणाऱ्या अभियंत्याने लेखी द्यायचा असतो.

चालू पॅनेलमध्ये दुरुस्ती कशी होते?

वीज पूर्ण बंद करून. केबलला लग आणि ग्लँड लागलेल्या असल्याने जुनी प्लेट सरळ काढता येत नाही. लग कापून केबल खाली ओढायची, प्लेट बदलायची आणि नवे लग लावायचे, ही एक पद्धत. यात केबल काही सेंटिमीटर आखूड होते. सुरुवातीलाच थोडा लूप ठेवला नसेल तर ती टोकापर्यंत पोहोचतच नाही. दुसरी पद्धत दोन तुकड्यांच्या अ‍ॅल्युमिनियम प्लेटची. भोकांच्या मध्यरेषेवर विभागलेली अशी प्लेट दोन्ही बाजूंनी सरकवून बसवता येते. त्यासाठी जुनी लोखंडी प्लेट केबल जागेवर ठेवून कापावी लागते. ग्राइंडरची ठिणगी किंवा पाते केबलला लागण्याचा धोका असल्याने हे काम घाईचे नाही. तापलेल्या भागातील इन्सुलेशनची तपासणी आणि मेगर चाचणी दोन्ही पद्धतींत करावीच लागते. नुसती प्लेट बदलून करपलेली केबल तशीच ठेवण्यात अर्थ नाही.

सोसायट्यांनी काय विचारावे?

रहिवाशांनी स्वतः पॅनेल उघडू नये, चालू पॅनेलच्या प्लेटला हातही लावू नये. पण समितीने ठेकेदाराला काही प्रश्न विचारायला हरकत नाही. मुख्य पॅनेल, डीजी सेट आणि सौर पॅनेलच्या जोडणीत सिंगल कोअर केबल आहेत का? असतील तर ग्लँड प्लेट कशाची आहे? प्रत्येक गटात तिन्ही फेज आणि न्यूट्रल आहेत का? आर्मर कोणत्या टोकाला अर्थ केले आहे? वीज बंद असताना परवानाधारक वायरमनने साधे लोहचुंबक प्लेटला लावून पाहिले तरी पहिले उत्तर मिळते. चिकटले तर पुढची चौकशी करायची.

नवे पॅनेल मागवताना किंवा चार्जिंगसाठी भार वाढवताना ऑर्डरमध्येच एक ओळ टाकता येते : ‘सिंगल कोअर केबलसाठी अचुंबकीय ग्लँड प्लेट’. आणि ताबा घेतल्यावर पहिल्या उन्हाळ्यात, भार सर्वाधिक असताना, एकदा थर्मल कॅमेऱ्याने तपासणी करून तो अहवाल जपून ठेवता येतो. पुढच्या वर्षी भार वाढल्यावर तीच जागा किती तापली हे मग ताडून पाहता येते.